केळशीच्या अंगणातून मॉरिशसकडे

दापोलीहून आंजर्ल्याची खाडी ओलांडून आम्ही सहकुटुंब केळशीला पोहोचलो, तेव्हा भाद्रपदातील गणपती घरोघरी विराजमान झाले होते. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणाऱ्या पाखाड्या, महालक्ष्मीचे घुमटदार मंदिर आणि भारजा नदीच्या मुखाशी असलेली ती प्रसिद्ध वाळूची टेकडी, जिच्या थरांत संशोधकांना जुनी खापरे व नाणी सापडली, हे सर्व पाहून झाले. रात्री एका अंगणात जाखडी रंगली. मधोमध गायक व मृदंगवाला बसलेले, भोवती पायांत चाळ बांधलेल्या नर्तकांचे रिंगण. तो ठेका ऐकताना मॉरिशसची आठवण झाली. हेच रिंगण त्या दूरच्या बेटावर आजही धरले जाते. तेथील मराठी माणसे त्यास ‘झाकरी’ म्हणतात.

मॉरिशसवर १८१० पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती. पुढे इंग्रज आले, तरी फ्रेंच भाषा व चालीरीती तेथे टिकून राहिल्या. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. रत्नागिरी भागातील मराठी माणसेही मुंबई बंदरातून तेथे गेली. आज जागतिक वारसा ठरलेल्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून त्यांनी नव्या जगात पाऊल ठेवले. कोकणी माणूस आडनावात आपले गाव जपतो. तेथे मात्र कारकुनाने ऐकून टिपलेले एकेरी नावच अनेक घराण्यांचे आडनाव झाले, आणि गाव कायमचे मागे राहिले.

आज त्यांच्या घरात क्रेओल बोलली जाते, वर्तमानपत्र फ्रेंच असते, कचेरीचे काम इंग्रजीत चालते. तरीही गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकता येते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. ज्यांच्या घामावर साखरेचा व्यवसाय उभा राहिला, त्यांचेच वंशज शिक्षक, अधिकारी व मंत्री झाले.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वजही मारवाड, गुजरात, कच्छ सोडून या मुलखात आले. फरक एवढाच, की ते वहीखाते घेऊन स्वेच्छेने आले. मॉरिशसला गेलेले कराराने बांधलेले होते. ज्यांच्याजवळ ना पैसा होता ना परतीची हमी, त्यांनी एवढे जपले! आपल्या घरात आजीची बोली समजणारी मुले किती उरली आहेत? जाखडी संपल्यावर यजमानांनी आमच्या नातवाला रिंगणात ओढले. त्याला गाण्याचे शब्द कळत नव्हते, पण तिसऱ्या फेरीला त्याचा पाय ठेक्यावर पडू लागला. वारसा बहुधा असाच पुढे जातो. कोणीतरी हात धरून आत घ्यावे लागते.