तू कोण होणार?

ऑफिसातल्या पोरांचं कॉमिक कॉनला जायचं ठरलंय. कुणी बॅटमॅन, कुणी नारुतो. हौस जुनीच. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातले कपडे घालून गेला होता, ते मर्टल डग्लसनं शिवले होते.

"तू कोण होणार?"

म्हटलं, भाई कोतवाल! माथेरानचे वकील. आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला मुरबाडच्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले.

"पण ड्रेस काय? ओळखणार कोण?"

प्रश्न रास्त आहे. ना केप, ना मुखवटा. पोशाखावरून ओळखू येणारे नायक आपोआप लक्षात राहतात, बाकीच्यांची गोष्ट कुणीतरी सांगावी लागते.

तर मंडळी, मी साध्या शर्टातच जाणार. विचारेल त्याला सिद्धगड सांगणार.