लोंबणारा पाइप

बॉनेट उघडल्यावर एखादा बारीक रबरी पाइप लोंबताना दिसला की शिकाऊ पोराचा हात लगेच जवळच्या रिकाम्या निपलकडे जातो. माझं म्हणणं असं, की पाइप कुणाचा हे नंतर बघू, आधी तो कधी सुटला ते बघावं. रायपुरात ते कळतं, कारण उरला-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ इथल्या इंजिनांवर थरानं बसते. पाइप जिथवर चढलेला होता तिथवर निपल स्वच्छ राहतं आणि त्यापुढे काळं सुरू होतं. ही कडा ठळक असेल तर पाइप हल्लीच निघालाय. निपलवरही तसाच थर चढला असेल, तर तो कित्येक महिने तसाच आहे आणि गाडी आज ज्या तक्रारीसाठी आली तिचं मूळ बहुधा दुसरीकडे आहे. सुटलेला पाइप सापडला म्हणजे दोष सापडला, या समजुतीनं आमच्या धंद्यात जितके तास वाया जातात तितके कशानंच जात नसतील.

खरी अडचण मात्र वेगळी आहे आणि मला ती अजून सोडत नाही. काही पाइप मोकळे राहण्यासाठीच बसवलेले असतात. गिअरबॉक्सचा ब्रीदर, एसीच्या पाण्याचा निचरा, पेट्रोलची वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरचं हवेकडचं तोंड. ही तोंडं बंद केली की नवाच आजार सुरू होतो: ब्रीदर बुजला तर आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. जाडी जुळते म्हणून पाइप कुठंही चढवून देणारे कारागीर गावोगाव आहेत, आणि रिकाम्या निपलात बोल्ट कोंबून ‘काम झालं’ सांगणारेही. त्यांचा मला मनापासून राग येतो. ज्याचं दुसरं टोक हातानं शोधलेलं नाही, तो पाइप जोडू नये. कुठून निघाला हे कळलं की कुठं जायचा हे निम्मं कळतं.

आता कुणी म्हणेल, स्कॅनर असताना एवढा खटाटोप कशाला? स्कॅनर मी रोज वापरतो. पण पी०१७१ हा कोड एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय; हवा कुठून शिरतेय ते सांगत नाही. शिवाय ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब वाचणारा सेन्सर असतो, त्यांत बाहेरून शिरलेली हवा दाब वाढवते, कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोल देतो आणि आयडलिंग नुसतं चढतं. कोड येईलच असं नाही. पाइपांच्या जोडणीचा कंपनीचा नकाशा आहेच की, हा दुसरा आक्षेप. नकाशा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो. नंतर सीएनजी किट बसलेल्या, तीन हातांखालून गेलेल्या गाडीचा नसतो. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष आल्यापासून तर बॉनेटखाली गर्दी आणखी वाढली आहे.

पूर्वी मी कानावर चालत असे. बारीक सुस्कारा ऐकून हवा कुठं खेचतेय ते सांगायचो आणि लोकांनी बघावं असंही मला वाटायचं. तो गर्व होता, आणि सुखाचा होता. वयानं आधी तीच उंच पट्टी ऐकू येईनाशी होते. मग डोळ्यांवर आलो, आणि धुळीकडे नीट बघायला लागलो ते तेव्हापासून.

धुळीविरुद्ध एकच आक्षेप मला मान्य आहे: गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुऊन आणली की सगळा पुरावा वाहून जातो. मग रबरच वाचावं लागतं. इथल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आणि इंजिनाच्या धगीत रबर कडक होतं आणि ज्या वळणात राहिलं ते वळण धरून बसतं. मोकळं सोडलं तर आपल्या जागेकडेच तोंड करतं. टोकाशी क्लिपची खाच असेल तर ते कधीतरी आवळलेलं होतं. खाचही नाही आणि टोक फाकलेलंही नाही, तर बहुधा मोकळंच राहणारं. तरीही शंका उरली, तर इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डकडचं रिकामं निपल बोटानं दाबावं आणि स्कॅनरवर दाबाचा आकडा बघावा. एक गोष्ट मात्र लांबवायची नाही: ब्रेक बूस्टरचा पाइप सुटलेला असेल आणि पेडल दगडासारखं लागत असेल, तर बाकी सगळी चौकशी बाजूला ठेवून आधी तो बसवायचा, आणि त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा लागला नाही ना, ते तपासायचं.