बुडवलेल्या जहाजावरचे मासे कुणाचे?

उत्तनच्या समुद्रात एखादं जुनं जहाज बुडवलं, तर मीरा-भाईंदरच्या हौशी डायव्हरांना मालवण गाठावं लागणार नाही, या कल्पनेवर लेख हवा, असा संपादकांचा निरोप आला. प्रस्तुत लेखिका भाईंदरची आणि समुद्रतळावरच्या जीवांचा अभ्यास हा तिचा व्यवसाय, तेव्हा मागणी रास्तच होती. पण उत्तनपुरतं उत्तर लवकर देऊन टाकता येतं. उत्तन, पाली, चौक इथल्या पाण्यात उल्हास नदीचा गाळ वसईच्या खाडीतून येऊन मिसळतो आणि भरती-ओहोटीची ओढ तो खाली बसू देत नाही. डायव्हरला इथे स्वतःचा हातसुद्धा धड दिसायचा नाही. याच ओढीवर इथली डोल मासेमारी उभी आहे. खुंटांना बांधलेली, प्रवाहाकडे तोंड केलेली ती लांब जाळी बोंबील, जवळा, करंदी देतात. अशा ठिकाणी लोखंडाचा सांगाडा टाकला तर पर्यटकाला काही दिसणार नाही आणि कोळ्याचं जाळं फाटेल.

कल्पना कुठून आली, ते मात्र उघड आहे.

‘आयएनएस गुलदार’ हे रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं, पोलंडमधल्या ग्डिनियाला बांधलेलं जहाज. ३० डिसेंबर १९८५ रोजी ते नौदलात दाखल झालं आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं. लांबी जवळपास ८४ मीटर, वजन ११२० टन. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झालं. सिंधुदुर्गात निवती रॉक्सजवळ ते बुडवायचं, पाण्याखाली संग्रहालय आणि कृत्रिम रीफ, म्हणजे सागरी जीवांना आसरा देणारा मानवनिर्मित खडक, तयार करायची आणि पर्यटकांना पाणबुडीतून ती दाखवायची, अशी ही योजना. केंद्राने त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. जागेची निवड समजण्यासारखी आहे. पावसाळ्यानंतर तिथलं पाणी उत्तनच्या मानाने कितीतरी स्वच्छ असतं, तारकर्लीला महामंडळाचीच डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे आणि पर्यटकांना पाण्याखाली नेणारे स्थानिक तरुण मालवणात तयार झाले आहेत.

जहाज बुडवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. आधी इंधन, वंगण, ॲस्बेस्टॉस, सुटणारा रंग, जुन्या केबलींच्या आवरणातली पीसीबीसारखी विषारी रसायनं काढावी लागतात. डायव्हर आत अडकू नयेत म्हणून दारं काढायची, भिंतींना भोकं पाडायची. मग ते सरळ बसलं पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गोजवळ २००२ मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे जहाज ठरल्या वेळेआधीच बुडायला लागलं आणि उलटं झालं. पुढे ते कुशीवर पडून राहिलं आणि २००५ मध्ये ‘डेनिस’ वादळाच्या तडाख्याने सरळ झालं! त्याच राज्यात फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख टायर टाकले होते. ‘माशांना घर’ असंच तेव्हाही म्हटलं गेलं. टायरांचे बंध तुटले, वादळांत ते तळावर फिरत राहिले आणि जवळच्या खऱ्या रीफवर आदळले. २००७ पासून लष्कराच्या डायव्हरांना ते वर काढावे लागले. समुद्रात नको ती वस्तू टाकायची आणि तिला रीफ म्हणायचं, याचा हा सगळ्यात महागडा धडा आहे.

आपल्याकडे अशी बातमी आली की ‘प्रवाळ उगवणार’ हे शब्द हमखास छापले जातात. वाचून जीव कातावतो. लोखंड किंवा काँक्रीट पाण्यात गेलं की काही दिवसांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. मग बार्नेकल आणि हायड्रॉइड येतात, पाठोपाठ ब्रायोझोआ, कालवं, स्पंज. हे सगळे गाळून खाणारे किंवा वाहत्या पाण्यातलं टिपून खाणारे जीव. त्यांच्या आडोशाला खेकडे, कोळंबी, छोटे मासे येतात आणि त्यांच्यामागे गोब्रा, तांबोशी. प्रवाळ आले तर फार उशिरा येतील आणि हळूहळू वाढतील. त्यातून लोखंड गंजत राहतं आणि त्याचे पापुद्रे सुटले की वरची वस्तीही गळून पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवरचे नैसर्गिक प्रवाळ जपणं हे त्यामुळे कितीतरी निकडीचं काम आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे, ते मच्छीमारांना आजही आपलं वाटत नाही. आणि गर्दी मात्र नव्या जहाजाच्या बातमीला होते.

आता मुख्य वादाकडे. तो थोडा किचकट आहे, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

जहाज बुडवल्यावर वर्षभरात तिथे माशांचे थवे दिसतात. फोटो निघतात, मासे वाढले असं जाहीर होतं. पण ते मासे तिथे *निर्माण* झाले, की आजूबाजूच्या खडपांवरून फक्त *गोळा* झाले? अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स बोनसॅक यांनी १९८९ मध्ये हा प्रश्न नेमका मांडला आणि तेव्हापासून या क्षेत्रातले लोक त्यावर भांडत आहेत. जो जीव एकाच कपारीला धरून राहतो आणि ज्याला कपारी अपुऱ्या पडतात, त्याला नवी कपार मिळाली की पिल्लं जगण्याची शक्यता वाढते. गोब्रा किंवा शेवंड अशांत मोडतील. सुरमई, बांगडा यांना खडकाची तशी गरज नसते. ते भक्ष्यासाठी येतात, घुटमळतात, निघून जातात. त्यांच्या बाबतीत रीफ नवे मासे देत नाही, असलेले एका जागी आणून उभे करते. विखुरलेला मासा पकडायला कष्ट पडतात, गोळा झालेला सहज सापडतो. म्हणजे रीफवर मासेमारी मोकळी ठेवली तर साठा वाढण्याऐवजी लवकर आटू शकतो. एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर २०१७ मध्ये बंदी आली, तिच्यामागेही मासे असे गोळा करून उपसण्याचीच भीती आहे.

उत्तर शोधण्याची पद्धत आहे, ती फक्त वेळखाऊ आहे. जहाज बुडण्याआधी तो तळ आणि तसाच दुसरा, न छेडलेला तळ मोजायचा. नंतर दोन्ही पुन्हा पुन्हा मोजायचे. माशांना खुणा लावून सोडायचं. पकडलेल्या माशाच्या डोक्यातली ऑटोलिथ नावाची चिमुकली कानखडी कापून तिच्यावरची वलयं मोजली, की वय कळतं. रीफवर एका वर्षाआतली पिल्लं सापडतात की बाहेरून आलेले मोठे मासेच, ते त्यावरून कळतं. ‘आधी’ची मोजणी बुडवल्यावर करता येत नाही. आणि प्रस्तुत लेखिकेला सर्वांत जास्त टोचतं ते हेच: कोट्यवधींच्या प्रस्तावांत क्रेनचा खर्च पै-पैशासह मांडलेला असतो आणि पाच वर्षं मासे मोजण्यासाठी एक ओळसुद्धा नसते.

मासेमारीसाठीच्या रीफ याहून वेगळ्या असतात आणि त्यांची गल्लत होऊ नये. केरळ, तमिळनाडूत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) मार्गदर्शनाखाली त्रिकोणी, फुलाच्या आकाराचे, विहिरीच्या कड्यांसारखे काँक्रीटचे ठोकळे समुद्रात ठेवले जातात. ते पाहायला पर्यटक जात नाहीत. गळाने मासे पकडणाऱ्या छोट्या होड्यांसाठी ते असतात आणि ट्रॉलरची जाळी त्यांवर अडकतात, हाही फायदाच. इटलीत टस्कनीच्या तालामोने गावी पाओलो फान्चुली या मच्छीमाराने कारारा संगमरवराची शिल्पं तळावर उतरवली, ती बेकायदा ट्रॉलर अडवण्यासाठी. डायव्हर तिथे जातात, पण पुढाकार मच्छीमाराचा होता.

गुलदारबाबत आग्रह एवढाच, की निवतीच्या रापणवाल्यांशी आणि छोट्या होडीवाल्यांशी बसून जहाजाभोवती किती अंतरापर्यंत जाळं टाकायचं नाही, हे पहिला पर्यटक उतरण्याआधी लिहून ठरवावं. पर्ससीनवाल्यांनाही तो नियम तितकाच लागू हवा आणि तो पाळला जातो का हे पाहायला गस्तीची नौका हवी. तिकिटाच्या उत्पन्नातला वाटा गावाला मिळाला तर गावच राखण करील.

आणि उत्तन? इथे जहाज नको, पण प्रश्न संपत नाही. डोलवाल्यांच्या खुंटांच्या जागा, तळ कुठे चिखलाचा आणि कुठे खडकाळ, बोंबील कोणत्या महिन्यात कुठे उतरतो, हे सगळं इथल्या तांडेलांना तोंडपाठ आहे. ते नकाशावर उतरवलेलं नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्याला असतात आणि तांडेलांना बोलायला उसंत असते. तेव्हा हा नकाशा करता येईल. त्यासाठी लागतील दोन विद्यार्थी, एक वही आणि एक जीपीएस.