घर दाखवणाऱ्याची परीक्षा

जागेची दलाली ही पुस्तकातून शिकण्याची आणि परीक्षेला बसून सिद्ध करण्याची विद्या आहे, असे कोणी म्हटले असते तर आपल्या वसईतील जुन्या पिढीला हसू आवरले नसते. आपल्याकडचा दलाल शिकत नसे, तो मुरत असे. कोणाच्या विहिरीत किती भावांचा वाटा आहे, कोणाच्या सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्याचे नाव अजून तसेच आहे, कोणत्या घरात मुलीचे लग्न अडले आहे, हे सारे त्याच्या जिभेवर असे. ओळख हेच त्याचे भांडवल आणि गरजवंताची निकड हाच त्याचा नफा. या धंद्याला प्रमाणपत्र लागते हे महाराष्ट्राने ठरवले ते अगदी अलीकडे. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. पण एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली ती २०२३ साली.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र ही सक्ती शतकापूर्वीची आहे. १९१७ चा तेथील पहिला परवाना कायदा न्यायालयात टिकला नाही. १९१९ साली दुसरा आला आणि तो टिकला. आज तेथे घरविक्रीचा परवाना हवा असेल, तर प्रत्येकी ४५ तासांचे तीन अभ्यासक्रम, म्हणजे एकूण १३५ तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. नंतर तीन तासांत १५० प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात सत्तर गुण. एवढे करूनही परवानाधारक विक्रेता स्वतंत्र होत नाही. त्याला परवानाधारक ब्रोकरच्या हाताखालीच काम करावे लागते आणि आपला मेहनतानाही त्याच्याच हातून घ्यावा लागतो.

हे सारे मला ठाऊक होण्याचे कारण साधे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, तीन महिने सेवा करण्याचा योग आला. तेथे आपल्या वसईची एक भगिनी भेटली. चाळिशी ओलांडलेली, इकडे पतपेढीत कारकुनी केलेली, मुले मोठी झाल्यावर आता काही स्वतःचे करावे म्हणून या परीक्षेच्या मागे लागलेली. इंग्रजीची तिला भीती नव्हती, भीती होती ती वेळेची. "फादर, तुम्ही फक्त प्रश्न वाचा अन् घड्याळ बघा," ती म्हणाली. त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या सभागृहात आमचा वर्ग भरू लागला.

माझी कल्पना होती की, या परीक्षेत चौरस फूट, व्याजाचे दर आणि कर्जाचे हप्ते यांचाच भरणा असेल. तसे प्रश्न असतातच. परंतु सर्वांत मोठा भाग, शंभरातील २५, प्रत्यक्ष व्यवसाय आणि घराविषयीची माहिती उघड करण्याची जबाबदारी यांवर असतो, आणि आणखी १७ 'एजन्सी' म्हणजे प्रतिनिधित्वाचा कायदा व त्यातून येणारे विश्वस्ताचे कर्तव्य यांवर. तू कोणाचा माणूस आहेस? कोणाचे पैसे तुझ्या हाती आहेत? छप्पर गळते हे तुला ठाऊक असताना तू गप्प बसलास का? गिऱ्हाइकाने दिलेली अनामत स्वतःच्या पैशांत मिसळणे, ज्याला तेथे 'कमिंगलिंग' म्हणतात, तो गुन्हाच, मग त्यातील एक पैसाही खर्च झालेला नसो. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला असेच 'प्रसंग' सोडवायला देत असत. तेथे पापाचा विचार होता, येथे परवान्याचा; परंतु प्रश्नांची जात एकच.

विश्वस्ताच्या कर्तव्याचे प्रकरण ती भगिनी एखाद्या प्रार्थनेसारखे पाठ म्हणे. त्याचे कारण एकदा तिनेच सांगितले. तिच्या वडिलांची केळीची वाडी ज्या मध्यस्थाने विकली, तो दोन्हीकडून पैसे घेत होता आणि वडिलांना त्याचा पत्ताही नव्हता. कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंचे काम एकाच माणसाने करायला बंदी नाही. परंतु दोघांनाही ते कळले पाहिजे आणि दोघांचीही संमती पाहिजे. "एवढाच नियम तेव्हा असता, तर बाबा निदान विचारू शकले असते," ती म्हणाली.

परंतु ज्या प्रश्नावर आमचा खरा वाद झाला तो निराळाच होता. गिऱ्हाईक विचारते, या वस्तीत आमच्या धर्माची माणसे राहतात का? आम्हांला तशाच वस्तीतली घरे दाखवा. विक्रेत्याने काय करावे? तिने उत्तर दिले : खरे तेच सांगावे आणि तशी घरे दाखवावीत. पुस्तकाने ते उत्तर चूक ठरवले. चर्च किती अंतरावर आहे हे सांगता येईल. पण वस्तीत कोणत्या वंशाचे वा धर्माचे लोक आहेत यावरून घरे निवडून द्यायची नाहीत. गिऱ्हाइकाचे सुकाणू असे आपल्या हाती घेण्याला तेथे 'स्टिअरिंग' म्हणतात आणि त्यापायी परवाना जाऊ शकतो. ती चिडली. "फादर, आपला माणूस परक्या देशात आपली माणसे शोधतो, यात कोणाचे वाईट आहे?"

प्रश्न रास्त होता आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. उत्तरासाठी त्या देशाच्या इतिहासात शिरावे लागले. अमेरिकेतील घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ साली जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्यातच असा नियम होता की, ज्यांच्या येण्याने वस्तीतील घरांच्या किमती पडतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना तेथे आणण्यास दलालाने साधन होऊ नये. आज जे केल्याने परवाना जातो, ते त्या काळी दलालाचे नीतिकर्तव्य समजले जात होते! कित्येक घरांच्या खरेदीखतांतच अट असे की, हे घर काळ्या माणसाला विकू नये. अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने घरविक्रीतील भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर राज्यातील दलालांच्या संघटनेने पुढाकार घेऊन तो प्रश्न जनतेच्या मतदानाला नेला. १९६४ साली सुमारे ६५ टक्के मतदारांनी त्या कायद्याचा कणा मोडणाऱ्या प्रस्तावाला कौल दिला. १९६७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कौल घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच वर्षी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर एका आठवड्यात, ११ एप्रिलला, संपूर्ण देशासाठी निवासातील भेदभाव रोखणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.

पाठ्यपुस्तकात हा सारा इतिहास चार-सहा पारिभाषिक शब्दांत आटोपतो. 'रेडलायनिंग' म्हणजे नकाशावर तांबडी रेघ ओढून त्या वस्तीला कर्ज नाकारणे. 'ब्लॉकबस्टिंग' म्हणजे 'ते' येणार अशी भीती घालून लोकांची घरे स्वस्तात काढून घेणे. परीक्षार्थी व्याख्या पाठ करतो. परंतु त्या प्रत्येक शब्दाच्या मागे एक कुटुंब दारात उभे आहे आणि घर नुकतेच दुसऱ्याला दिले, असे त्याला हसतमुखाने सांगितले जात आहे. 'आपल्या माणसांत राहावे' ही साधी ओढ आणि 'परका येथे नको' हा नकार यांच्यात दलाल उभा असतो. त्याच्या तोंडचे एकच वाक्य पहिल्याला सोयीचे होते आणि दुसऱ्याला दार बंद करते. २०२४ पासून तेथील अभ्यासक्रमात आपल्याही नकळत मनात बसलेल्या पूर्वग्रहांचा पाठ सक्तीचा झाला आहे, तो याचसाठी.

वाचकहो, येथे आपल्या अंगणाकडे वळणे भाग आहे. मुंबईत मासे-मटण खाणारे म्हणून कोणा ख्रिस्ती कुटुंबाला घर नाकारले, की आपण दुखावतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या गावांत 'जमीन आपल्याच माणसाला' हा शब्दही आपण तितक्याच सहजतेने उच्चारतो. भारतातील कायदा अमेरिकेच्या वाटेने गेलेला नाही. गुजरातमधील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व केवळ पारशांना देण्याचा तिचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. मूठभर समाजाने एकत्र राहण्यासाठी घातलेले कुंपण आणि बलवानाने दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत या दोन्ही एकच, असे मीही म्हणणार नाही. आपल्या वाड्या गेल्या, विहिरी बुजल्या, टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, ती व्यथा खोटी नाही. वाडी न विकण्याचा निश्चय हा तर पुण्याचाच. परंतु एकदा विकायला काढली, किंवा खोली भाड्याने द्यायची ठरवली, की दारात आलेल्या माणसाचे आडनाव आधी विचारावे की त्याची गरज, हा प्रश्न कायदा विचारो न विचारो, आपल्याला चुकत नाही. पत्नीला पुरण्यासाठी हेथच्या वंशजांपाशी जागा मागताना आब्राहामाने आधी सांगितले ते हेच की, मी तुमच्यात उपरा आहे. चारशे शेकेल रुपे तोलून त्याने मकपेलाचे शेत घेतले आणि नगराच्या वेशीपाशी सर्वांदेखत तो व्यवहार पक्का झाला. आपल्या श्रद्धेच्या पित्याची वचनदत्त देशातील पहिली मालकी एका परक्याने परक्यांकडून केलेल्या खरेदीची आहे.

हे सारे तिला एका बैठकीत पटले असे नाही. पुढच्या गुरुवारी तिने स्वतःच तो विषय काढला. "आम्ही इथे पहिल्यांदा आलो, तेव्हा एका बाईने आम्हांला फक्त भारतीयांच्याच वस्तीतली घरे दाखवली. मला तेव्हा बरे वाटले होते. तिने मला काय दाखवले नाही, हे मात्र मी कधी विचारलेच नाही."

ती पहिल्या वेळी थोडक्यात हुकली आणि दुसऱ्या वेळी पास झाली. या परीक्षेची एक रीत मला आवडली. जो हुकतो त्याला त्याचे गुण कळवतात. जो पास होतो त्याला केवळ पास झाल्याचे कळवतात. १०५ प्रश्न सोडवले की १४५, हे कोणी सांगत नाही. ज्याला परवाना मिळाला, त्याला मिरवायला काही उरत नाही. त्याच्या हाती पडते ती फक्त दुसऱ्याच्या घराची किल्ली आणि त्या दारातून येणाऱ्या प्रत्येकाला सारखेच वागवण्याची जबाबदारी.