पोटरीचं कुणी विचारत नाही

संपादकांनी हृदयावर सोप्या भाषेत लेख मागितला. मी शिरांचा सर्जन. हृदयावर लिहिणारे पुष्कळ आहेत; पायांतलं रक्त वर कसं चढतं, हे मला अजून एकाही संपादकानं विचारलेलं नाही. तेव्हा हृदय थोडक्यात उरकतो.

एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला सुमारे पाच लिटर. शरीरातलं एकूण रक्तही जवळपास तेवढंच. विल्यम हार्वेनं 1628मध्ये असाच हिशेब मांडला: हृदय जेवढं रक्त फेकतं, तेवढं खाल्लेल्या अन्नातून नव्यानं तयार होणं अशक्य, म्हणजे तेच रक्त फिरत असणार. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्याला दिसल्या नाहीत. त्या 1661मध्ये माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

धमन्यांतला सरासरी दाब नव्वद-पंचाण्णव मिलिमीटर (पाऱ्याचे). केशवाहिन्या ओलांडेपर्यंत त्यातला बहुतेक खर्ची पडतो. आणि इथून पुढे तर चढ! नुसतं उभं राहिलं, तर रक्ताच्या वजनानंच घोट्याच्या शिरेत नव्वदच्या आसपास दाब साचतो. चालू लागलं की पोटरी शिरा पिळते, झडपा रक्त खाली घसरू देत नाहीत आणि दाब तिसाच्या घरात उतरतो.

मग मिनिटाला किती रक्त फिरणार, हे ठरवतं कोण? शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन म्हणे, हृदयाकडे जेवढं येईल तेवढंच ते पुढे धाडणार. हृदय थांबवलं तरी वाहिन्यांत सातेक मिलिमीटर दाब उरतो. हा दाब आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला दाब यांतली तफावत रक्त परत आणते. टीकाकार म्हणतात, तुमच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगात पंप तुमच्याच हातात होता! प्रवाह पंपानं ठरवला, कप्प्यातला दाब हा नुसता परिणाम. पन्नासच्या दशकातल्या प्रयोगांवरचं हे भांडण अजून मिटलेलं नाही. मी गायटनच्या बाजूचा. एकूण रक्तापैकी जवळजवळ दोन तृतीयांश शिरांत असतं, आणि तरी शिरांकडे नुसत्या नळ्या म्हणून पाहायचं? (हा परिच्छेद संपादक कापतील, याची खात्री आहे.)

गेल्या वर्षी एक सलूनवाले आले. ईसीजी, टूडी एको, सगळं नॉर्मल, फाईल जाडजूड. पँट गुडघ्यापर्यंत वर करायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. घोट्याच्या आतल्या बाजूला जुनी जखम, भोवती काळी पडलेली कातडी. "डॉक्टर, जळवा लावून घाण रक्त काढून टाका ना." हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. शाळेच्या पुस्तकातल्या निळ्या शिरांनी केलेला हा घोळ. शिरेतलं रक्त गडद लाल असतं, आणि माणूस विश्रांती घेत असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात सुमारे तीन चतुर्थांश प्राणवायू शिल्लक असतो. घाण कसली?

झडपा निकामी होत्या. लेझरनं शीर बंद केली, दाबपट्टी बांधली, जखम भरली. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी पायाला दाब देणारे स्टॉकिंग्ज सोडले आणि जखम पुन्हा उघडली. मी रागावलो. ते म्हणाले, "बसून केस कापता येत नाहीत, डॉक्टर." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पाय संध्याकाळी सुजत असतील, घोट्याजवळची कातडी काळवंडत असेल किंवा तिथली जखम महिनाभरात भरली नसेल, तर शिरांची डॉपलर तपासणी उभं राहून करून घ्या. आणि घट्ट पट्टी स्वतःच्या मनानं बांधू नका. आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्या लागतात.