धप्पा

वरच्या पापणीला रांजणवाडी झाली. आईने सहाणेवर लवंग उगाळली, मी गरम फडक्याने शेकत बसले. ठसठस गेली, पण वाटाण्याएवढी गाठ मागे राहिली. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबली की तेल आतच साचून असा वाटाणा धरतो. डॉक्टरांनी पापणी उलटवून आतल्या बाजूने छेद दिला. बाहेर व्रण नाही, टाका नाही. दुखलं ते फक्त भुलीचं इंजेक्शन.

एका डोळ्यावर पट्टी बांधून घरी आले. नाशकातल्या तिवंध्यातला आमचा जिना मी डोळे मिटून चढत आलेय, पण त्या दिवशी एक डोळा मिटला तर पायऱ्या जागच्या हलल्या. चहा ओतला तो बशीत. संध्याकाळी पट्टी निघाली आणि मलम सुरू झालं. "वर बघ गं," म्हणत आई खालची पापणी ओढणार, रेघ सोडणार. मग काही वेळ सगळं घर पातळ तुपातून पाहावं तसं.

पथ्याचं काही नाही हो, छळलं ते हाताने. डोळा चोळायचा नाही म्हटल्यावर कळलं, हा हात दिवसभर तिकडेच निघालेला असतो. स्वयंपाकघरातून आई नुसतं म्हणायची, "हात!"

त्या रिकाम्या दुपारी सिनेमावाले दादासाहेब फाळके आठवले. त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. सिनेमाने झपाटले, सारखे पडद्यासमोर. झोप जेमतेम तीन तास. दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकरांनी तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ती परत आणली. आणि त्या डोळ्यांना फाळक्यांनी काय आराम दिला? १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दिवसामागून दिवस कॅमेऱ्यात टिपली! त्यांच्या घरातही कुणी ओरडत असेलच की. माझा वाटाणा मात्र बिनकामाचा.

सहाव्या दिवशी रंगपंचमी. आमच्या नाशकात रंग खेळायचा तो याच दिवशी, आणि तोही रहाडीत. पेशवेकाळातला हा हौद वर्षभर रस्त्याखाली झाकलेला असतो. तो उघडतात, रंग भरतात, पूजा करतात आणि मग लोक धडाधड उड्या घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. मला अर्थातच मनाई. खिडकी लावून, काळा चष्मा चढवून मी नुसते धप्पे ऐकत होते. जाड्या माणसाचा वेगळा, पोरांचा वेगळा. एखादा कडेवर घुटमळला की गर्दीचा आवाज आधी चढायचा, मग पाणी.

दुपारी भाचा निथळत वर आला. "मावशी, डोळ्याला नाही लावत. हात दे." त्याने माझे दोन्ही तळवे आपल्या ओल्या तळव्यांत दाबले. आईने माझे हात साबणाने दोनदा धुवायला लावले. रंग हलला नाही.

रात्री अंथरुणावर उजवा हात सवयीने वर निघाला. नाकापर्यंत आला, रंगलेली बोटं दिसली आणि तिथेच थांबला. आई झोपली होती.