शेवटचा मान

२८ डिसेंबर २०२४, शनिवार. जबलपूरच्या घमापुर भागातील एका मराठी घरात सकाळपासून टीव्ही सुरू होता. दिल्लीच्या निगमबोध घाटावर माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होत होते.

चहा घेऊन आलेल्या सुनेने विचारले, "बाबा, स्मारक होईल तिथंच अग्नी द्या, असं काँग्रेस म्हणत होती ना?"

"हो. सरकार म्हणालं, स्मारकाला जागा देऊ, पण आधी न्यास व्हायला हवा. झालं, वाद पेटला! मग नरसिंह रावांचं नाव निघालं."

नरसिंह राव म्हणजे आजोबांचा हळवा विषय. नागपुरात कायदा शिकलेला, रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेला, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेणारा तो माणूस त्यांना आपला वाटे. २३ डिसेंबर २००४ रोजी राव दिल्लीत वारले. अंत्यविधी तिथेच व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती. तो झाला हैदराबादला. पार्थिव पक्षाच्या मुख्यालयाच्या फाटकापाशी थांबले, आत गेलेच नाही. तेव्हा पंतप्रधान होते मनमोहन सिंगच! दिल्लीत रावांचे स्मारक व्हायला २०१५ साल उजाडले. भारतरत्न मिळाले २०२४ मध्ये.

"२०१३ साली मंत्रिमंडळानं यमुनाकाठी सर्वांसाठी एकच राष्ट्रीय स्मृतिस्थळ ठरवलं," आजोबा म्हणाले. "२०१८ मध्ये वाजपेयींना तिथंच निरोप दिला. तरी पुन्हा भांडण आहेच. मोठी माणसं, पण वेळेवर कोणी काही ठरवत नाही."

सून क्षणभर थांबली. "बाबा, आपल्याकडे तरी काय ठरलं होतं?"

आजोबा गप्प झाले. तीन वर्षांपूर्वी आजी गेल्या. पुण्याच्या थोरल्याला अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. धाकटा म्हणाला, आईचं सारं आयुष्य नर्मदेकाठी गेलं, ग्वारीघाटच हवा. अस्थी ग्वारीघाटी विसर्जित झाल्या आणि भावाभावांचे बोलणे तुटले. आजींना काय हवे होते, हे त्या असताना कोणी विचारलेच नव्हते. आजोबांनीही नाही.

दुपारी त्यांनी वही काढली. 'माझ्यामागे जे सोयीचे तेच करा. जवळचा घाट चालेल. खर्च बेताचा ठेवा. मात्र दोघांनी मिळून करा.' खाली सही करून त्यांनी सुनेला हाक मारली.

"पुण्याचा फोन लावून दे. थोरल्याला वाचून दाखवतो. आणि हो, धाकट्यालाही इथं बोलाव."

गेलेल्या माणसाला घाट कोणता, हे कळत नाही. मागे राहिलेल्यांना मात्र तो वाद जन्मभर पुरतो. म्हणून जे विचारायचे, ते माणूस समोर बसलेला असतानाच विचारावे.